दहा मिनिटांचं प्रवचन

आमच्या रब्बींचं शनिवारचं प्रवचन बावीस मिनिटांचं. अठरा वर्षं मोजतोय मी. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या ज्यू प्रार्थनाघरात, कोण कुठे बसणार, कशानंतर काय होणार, हे माझ्याकडे असतं.

गुरुवारी ग्लिकस्टाइन आला. शनिवारी त्याच्या मुलाचा, जोनाहचा बार मित्झ्वा. तेरा वर्षं पुरी झाली म्हणून पोरगा पहिल्यांदाच सगळ्यांसमोर धर्मग्रंथ वाचणार होता.

"मॉर्टी, प्रवचन सात मिनिटांत उरकायला सांग. जेवणातला मासा गार झाला की रबरासारखा लागतो."

"सात मिनिटं त्यांना खाकरायलाच लागतात."

दहावर जमलं.

"आणि गोळ्या दारातच वाट. वेळ वाचेल."

वाचन संपलं की मुलावर जेलीच्या गोळ्या फेकायच्या, ही आमची रीत. मी त्या प्रवचन झाल्यावरच, वाचनाच्या जरा आधी वाटतो, त्याला कारण आहे. तरी हो म्हटलं. त्या माशाचं एक ताट माझंही होतं.

झेलिग ब्रॉद वारला त्याला त्याच शनिवारी तीस दिवस होत होते. आमच्याकडे तिसाव्या दिवशी प्रवचनात नाव घेतात आणि शोक संपतो. वर्षभर दर मंगळवारी जोनाहला वाचनाचे सूर झेलिगनेच शिकवले होते. त्याची बायको फ्रेडा मला म्हणाली, "नाव तेवढं घ्यायला सांग. स्तुती नको, त्याला खपायची नाही."

"शेवटी घेतो," रब्बी म्हणाले.

शनिवारी त्यांनी आठ मिनिटं ग्लिकस्टाइन घराण्याचे गोडवे गायले. नवव्या मिनिटाला आवाज खाली आणला. "आपल्यातला एक माणूस..." आणि श्वास घ्यायला थांबले.

जोनाहच्या मामाला आमची रीत ठाऊक नव्हती; त्याला वाटलं, झालं. त्याने गोळी फेकली. मग दोनशे पाहुण्यांनी फेकल्या. पोरं बाकांखाली घुसली. रब्बींनी चष्म्यावरची गोळी झटकली, हसले, "शब्बात शालोम" म्हणून शनिवारच्या शुभेच्छा देऊन बसले.

मी जवळ गेलो. "नाव राहिलं."

"पुढच्या आठवड्यात घेऊ. दहा झाली ना?"

"नऊ."

ते टोपी नीट करू लागले.

फ्रेडाला मी पुढच्या आठवड्याचं सांगितलं.

"तेव्हा सदतीस दिवस झालेले असतील," ती म्हणाली. "सरक. पोराचं वाचन ऐकू दे."

जोनाहने हुबेहूब झेलिगसारखं वाचलं, शेवटचा सूर नाकात ओढत. फ्रेडाचे ओठ हलत होते. मग त्याने आईने पाठ करून घेतलेले आभार मानले: आजी, मामा, फुटबॉलचे प्रशिक्षक, जेवणवाले. झेलिग त्यात नव्हता.

जाताना फ्रेडाने आपल्या कॉलरमध्ये अडकलेली गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

मासा गरम होता. मी दोनदा घेतला.