कडीचं वजन

यान्याकाकूंनी डुकाटांची माळ आमच्या सोनारी दुकानाच्या काउंटरवर ठेवली नाही, ओतलीच. बारा मोठी नाणी, प्रत्येकावर तोच मिशाळ बादशहा आणि माथ्यावर ओवण्यासाठी सोन्याची कडी. त्यांची सून रेझा दारातच थांबली होती. माझ्या तान्ह्या तेनाला दात येत होते, ती सकाळपासून माझ्या कडेवरून उतरत नव्हती. रेझानं काही न विचारता तिला घेतलं.

"अकरा खोटी आहेत," काकू म्हणाल्या. "आणि जिनं बदलली, तीही इथंच उभी आहे."

माळ पाच वर्षं रेझाच्या पेटीत होती. येत्या रविवारी तिची मुलगी ती छातीवर घालून जाकोवोच्या मोठ्या देवळात जायची होती.

"कशावरून, काकू?"

"औषधवाल्याकडे तोलली. नाण्यांच्या पुस्तकात लिहिलंय, तेरा पॉइंट शहाण्णव ग्रॅम. बरोबर भरलं ते हे एकच. कडी तुटली म्हणून तुझ्या बाबांनी नवी लावून दिली होती ना, तेच. बाकीची सगळी जास्त. काय मिसळलं हिनं, देव जाणे."

"वजन वाढवून परत ठेवलं म्हणजे मी भलतीच उदार चोर झाले, आई," रेझा हळूच म्हणाली.

"तू तोंड चालवू नकोस. ही एवित्सा बघेल. रविवारच्या आत सगळ्या गल्लीला कळू दे."

मी अकरा नाणी एकेक करून तोलली. चौदा तीस, चौदा अठ्ठावीस, चौदा पस्तीस. कसोटीवर घासून तेजाबाचा थेंब टाकला, रेघ पिवळीच राहिली. मग बारावं. तेरा शहाण्णव.

पुस्तकातलं वजन नुसत्या नाण्याचं असतं. कडीचं वेगळं. हे बाबांनी मला सातव्या वर्षी शिकवलं होतं, याच काट्यापाशी. कडीसकट जे नेमकं भरतं, तेच संशयाचं.

मी त्याच्या काठावरून नख फिरवलं. बाकीच्यांपेक्षा जाड होतं. कडीवर तीन बारीक रेघा, बाबांच्या हातच्या. कडी जोडायला डाग देताना नाणं आगीवर धरावं लागतं, आणि आगीवर मुलामा लपत नाही. त्यांना माहीत होतं. ही कडी लावली त्या हिवाळ्यात आई झाग्रेबच्या दवाखान्यात होती आणि बाबा दर शुक्रवारी नवं औषध घेऊन जायचे. त्याचे पैसे कुठून येतात, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

"औषधवाल्याचा काटा..." मी सुरुवात केली.

"तो तुझ्या बाबांनीच लावून दिलाय," काकू म्हणाल्या. "त्याला नावं ठेवू नकोस."

तेनानं रेझाच्या गळ्यातला रुमाल तोंडात धरला होता. रेझा तिची पाठ थोपटत होती. माझ्याकडे बघतही नव्हती, जणू निकाल तिला आधीच ठाऊक होता.

मी पकड घेतली आणि बाबांची कडी कापली. पकड निसटली, नाण्यावर ओरखडा उमटला. ओरखड्याखाली पांढरं होतं. नुसतं नाणं काट्यावर ठेवलं. तेरा एकोणसाठ.

"त्या अकरांचं जास्तीचं वजन कड्यांचं आहे, काकू. ती खरी आहेत. रेझानं काही बदललेलं नाही." मी काट्यावरच्या नाण्याकडे बोट केलं. "खोटं हे आहे. चांदीवर मुलामा. आणि हे इथूनच असं गेलं. बाबांच्या हातून."

काकूंनी वाकून तो ओरखडा बघितला.

"त्या दिवशी त्यानं मला कॉफी पाजली होती," त्या म्हणाल्या. "कडीची मजुरीसुद्धा घेतली नाही. मी गावभर सांगितलं, असा माणूस मिळायचा नाही म्हणून."

त्यांनी अकरा नाणी दोऱ्यात ओवली आणि सुनेकडे न बघता तिच्या बाजूला सरकवली. बारावं काट्यावरच राहिलं. काकू बाहेर पडल्या. रेझा मात्र थांबली. तेना तिच्या खांद्यावर झोपली होती.

"इतक्यात हिला घेऊ नकोस, उठेल," ती म्हणाली. "तू जरा बस."