मागं ठेवलेलं टायमिंग

इरशाद मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन अंगणात आला, तेव्हा सायलीनं आधी फाटकाची कडी लावली आणि मग पोरगी कुठं आहे ते बघितलं. संस्कृती मागच्या दाराशी आजीजवळ शेंगा फोडत बसली होती. तेवढ्यापुरता सायलीचा जीव भांड्यात पडला.

पत्र्याच्या शेडमधली जुनी बुलेट सासऱ्यांनी तरुणपणी घेतलेली, पुढं ती हरिओमची झाली. हरिओम, सायलीचा नवरा, उन्हाळ्यात मांजरसुंब्याजवळ अपघातात गेला. दुसऱ्याच्या जीपमधून येत होता. गाडी त्या दिवशी घरीच होती आणि तेव्हापासून पोरीच्या नजरेआड चादरीखाली उभी होती. आता धाकटा दीर तानाजी ती उद्या परळीला नेणार होता. नुसती उभी राहून सडून जाईल, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

गाडी जाण्याचं सायलीला फार नव्हतं. भीती होती ती आवाजाची. हरिओमची बुलेट दिंद्रुडच्या फाट्यावरून वळली की पोरगी हातातलं टाकून पळत सुटायची. गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या बुलेटला मान वर करायची नाही. आणि बाप गेला हे तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच दिवशी छबुबाईंनी, सासूबाईंनी, बाबा पुण्याला कामाला गेलाय असं सांगून टाकलं. सायलीनं ते खोडलं नाही. बी.एस्सी. झालेली, लेकरांच्या मनाबद्दल मोबाइलवर वाचत बसणारी सायली रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. संध्याकाळी पोरगी पायरीवर जाऊन बसली, की तिच्या जिभेचा दगड व्हायचा.

आता गाडी सुरू झाली, की पोरगी पळत येणार. आणि सीटवर कोण दिसणार?

"इरशादभाई, हिचा आवाज बदलता येईल का?"

इरशादनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. तो हरिओमचा शाळेपासूनचा दोस्त, ती हे का विचारतेय ते त्याला कळलं असावं. "तसाबी बदलणारच हाय, वहिनी. हिचं टायमिंग मागं हाय, ठिणगी उशिरा पडती. जागेवर आणलं की आवाज हलका पडतो."

मग आणाच, असं ती म्हणाली.

त्यानं प्लग काढला, भोकात सायकलची तार सोडली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि सायलीला मागचं चाक हळूहळू फिरवायला सांगितलं. तार वर येत गेली. ठिणगी सोडणाऱ्या पॉइंटच्या फटीत त्यानं सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला होता. कागद जिथं अलगद सुटतो, तिथं ठिणगी पडते. पिस्टन पार वर पोचायच्या जरासं आधी तो सुटायला हवा होता, आणि इथं तर वर पोचून गेल्यावर सुटत होता. इरशाद पॉइंटची डबी कणभर सरकवायचा, परत चाक फिरवायला लावायचा. डबीच्या कडेला खिळ्यानं मारलेला एक ओरखडा होता. डबी त्याच्यापासून लांब गेली, तेव्हा कुठं कागद वेळेवर सुटला.

किक बसली. आवाज मोकळा निघाला, ठणठणीत, एखाद्या नव्या गाडीसारखा.

संस्कृती मागच्या दारातून आली. हातात शेंग तशीच. तिनं गाडीकडं बघितलं, इरशादकडं बघितलं.

"काकाची गाडी हाय का ही?"

उत्तराची वाट न बघता ती गेली आणि पुढच्या पायरीवर बसली, फाट्याकडं तोंड करून. ऊन कलायला आलं होतं, म्हणजे तिची वेळ झालीच होती.

सायलीला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. उद्या गाडी जाईल. पोरगी याच पायरीवर, आता कुठंच उरला नाही त्या आवाजासाठी कान लावून बसत राहील, आणि आपण रोज उद्या म्हणत राहू.

इरशादनं गाडी बंद केली. सायलीनं त्याला विचारलं, टायमिंग इतकं मागं कावून होतं?

तो चिंध्यांना हात पुसत राहिला. "तुमाला लग्नाच्या साली किक उलटी बसली होती ना. घोटा सुजलता. त्याच्या दुसऱ्या दिवशी हरिओम आलता माझ्याकडं. म्हणला, मागं ठेव, किक नरम झाली पाह्यजे. मी लई बोललो त्याला, इंजिन तापतंय, तेल खातंय. म्हणला, खाऊ दे. हा ओरखडाबी त्यानंच मारलेला. कुणी जागा हलवली तर परत तिथंच आणायचं म्हणून."

हरिओमनं तिला फक्त एवढं सांगितलं होतं, की तेल बदललंय, आता मारून बघ किक. मग ती मळ्यापर्यंत गाडी न्यायला शिकली. आपल्याला जमायला लागलं, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं.

तिनं तो ओरखडा बोटानं चाचपला. मग म्हणाली, "परत ओरखड्यावर आणा. उद्या तानाजी यायच्या आत पुन्हा नीट करा. पण आज तिथंच आणा."

इरशादनं डबी पुन्हा सैल केली. यावेळी चाक तिनं न सांगता फिरवलं.

किकही तिनंच मारली. पायाखाली ती मऊ गेली, नेहमीसारखी. आणि तो आवाज आला. जड, दमलेला, मधूनच सायलेन्सरमध्ये खोकणारा. आत छबुबाईंच्या हातून शेंगांचं सूप पडलं.

"बाबा!"

संस्कृती घराच्या कोपऱ्यावरून पळत आली ती थेट गाडीजवळ, आणि थबकली. सीटवर आई होती. तिनं आईच्या मागं वाकून बघितलं. मग शेडच्या आत बघितलं. मग पुन्हा आईकडं.

छबुबाई दारात येऊन नको नको असा हात हलवत होत्या. सायलीनं तो बघितला. पोरीचा पाय गरम सायलेन्सरला लागू नये म्हणून तिला पलीकडून उचलून टाकीवर बसवलं. पोरगी बोलत होती, काहीतरी विचारत होती, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. आता जे बोलायचं तेही ऐकू जाणार नव्हतं. सांगायचं तर आधी हा आवाज बंद करायला हवा होता.

सायलीनं अजून थोडा वेळ तो चालू दिला. पोरीचे दोन्ही तळवे थरथरत्या टाकीवर होते.

मग तिनं किल्ली फिरवली.

"सानू," ती म्हणाली, "बाबा पुण्याला नाही गेला."