लोरीने पेटवलेलं घर

मी प्लास गर्वेन बोलतंय. वेल्सच्या डोंगरउतारावरचं, अर्धं उभं, अर्धं ढासळलेलं घर.

मी आधी नुसता बुरूज होतं. शेजाऱ्यांचे गळे कापून जमीन मिळवणाऱ्या माणसाने मला बांधलं. भिंती पुरुषभर जाड, खिडक्यांच्या जागी फटी. बाण बाहेर जावा, आत काही येऊ नये! पुढे शांततेचे दिवस आले. त्याच्या वंशजाने शेजारी ओकच्या लाकडाचं नवं दालन उभारलं. मोठाल्या काचा, कोरीव तुळया, आणि बुरुजाला जोडणारा लाकडी सज्जा. "आता कोण येतंय लढायला?" तो हसून म्हणायचा.

आले. इंग्लंडचा राजा आणि त्याचं पार्लमेंट यांच्यात जुंपली तेव्हा आले.

मालकीण होती लोरी. तिचा नवरा राजाकडून लढताना पडला होता. आणि पार्लमेंटच्या बाजूने समोर तोफ घेऊन उभा ठाकला तो तिचा धाकटा भाऊ मेरिग, माझ्याच चुलीपाशी रांगलेला.

"ताई, दार उघड! मेलेल्या नवऱ्याच्या राजापायी बापाचं घर पाडून घेतेस का?"

"तोफ कोणी आणली रे? मग पाड की!"

पहिल्या गोळ्याने माझी देवडी उडाली, दुसऱ्याने काचा. त्याच ऐटबाज खिडक्यांतून सैनिक आत घुसले. आचारी आडवा आला, त्याला त्यांनी जिन्यावरच भोसकलं. त्याचं रक्त माझ्या पायऱ्या उतरत गेलं.

बुरुजात लोरी होती, म्हातारा कारभारी हिवेल होता आणि गावातली बायकापोरं.

"बाईसाहेब, सज्जा उभा आहे तोवर ते चालत येतील," हिवेल म्हणाला.

लोरीने चरबीची पिंपं सज्ज्यावर उपडी केली. धावत येणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मेरिग होता. तिने त्याला पाहिलं, नीट ओळखलं, आणि पलिता फेकला.

जुनं, वाळलेलं ओक ते. माझी हाडं कडाकडा मोडत होती. पेटत्या कपड्यांनिशी माणसं खाली उड्या टाकत होती. सज्जा अंगणात कोसळला आणि मेरिग तुळईखाली सापडला.

"आई! आई गं!"

लोरीचा हात बुरुजाच्या अडसराकडे गेला.

"दार उघडलंत तर संपलं सगळं!" हिवेल ओरडला.

"माहीत आहे मला."

ती आगीत शिरली. केस पेटले तरी तिने भावाला ओढून काढलं. तोवर सैनिक उघड्या दारावर तुटून पडले होते. हिवेल उंबऱ्यात एकटा उभा राहिला. बायकापोरं मागच्या चोरदारातून निसटेपर्यंत तो वार झेलत राहिला, मग तिथेच पडला.

नंतर सैनिकांनी बुरुजाखाली तोफेची दारू ठासली आणि तो अर्धा उडवला. माझं फक्त स्वयंपाकघर छपरासकट वाचलं. त्यातच ती दोघं बहीणभाऊ म्हातारी झाली. त्याचा एक पाय लाकडाचा, तिच्या डोक्यावर केस नाहीत.

"पेटवलंस तूच," एकदा त्याने विचारलं, "मग काढलंस कशाला?"

"पेटवलं तेव्हा शत्रू होतास. आईला हाक मारलीस, मग काय करू? सूप पी, निवतंय."

आता माझ्या फटींत डोमकावळे राहतात. तुम्ही सुट्टीच्या दिवशी येता, फाटकावरची पाटी वाचता. तिच्यावर लोरीने लावलेल्या आगीची हकिकत आहे. वाचून तुम्ही म्हणता, केवढी शूर बाई!

होतीच. पण तिने दार उघडलं, तेही लिहा. आणि त्याखाली हिवेलचं नाव लिहा. त्या उघड्या दाराची किंमत त्याने चुकवली.