हिरव्या भिंतीपुढे

हवामान सांगणाऱ्या माणसाला नकाशा दिसत नाही, हे टीव्हीपुढे बसलेल्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या मागे असते नुसती हिरवी भिंत. नकाशा कंट्रोल रूममधून चढवतात. तो ढगावर म्हणून हात ठेवतो तो कोऱ्या रंगावर, आणि हात बरोबर पडला की नाही ते बाजूच्या मॉनिटरमध्ये, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतो. मान वळवायची नाही. सगळी कला त्या कोपऱ्यात.

या माणसाचा नेमका तो कोपराच गेला होता. काचबिंदू. "बाजूचं आधी जातं, समोरचं शेवटी," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांना वर्षानुवर्षं कळत नाही." याला आठवड्यात कळलं. बाजूच्या नजरेवर पोट चालवणारा माणूस तो.

एकवीस वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी तो तीन महिन्यांपुरता आला होता. बाई परत आल्या नाहीत आणि याला जा म्हणायचं सगळे विसरले. त्या विसरण्यावर त्याचा संसार झाला. दंतवैद्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्याला 'ढगवाले' म्हणत. अंदाज बरोबर आला तर श्रेय आभाळाचं, चुकला तर दोष याचा, ही वाटणी त्याने कधीच मान्य करून टाकली होती. रस्त्यात कुणी विचारलं, "काय ढगवाले, कपडे वाळत घालू का?" की तो आभाळाकडे असा बघे, जणू आत्ताच तिथे फोन लावलाय. हे गेलं तर आपण कोण उरतो, याचा विचार करायला बसला की तो पाणी प्यायला उठे.

म्हणून हाताला डोळ्यांशिवाय शिकवायचं ठरलं. दुपारी त्या दिवसाचा नकाशा फोनवर येई. बायको तो जुन्या चादरीवर पेन्सिलीने मोठा करून काढी आणि चादर कपाटाला लटकवी. हा चादरीकडे पाठ करून उभा.

"वरचं बंदर," बायको पलंगावरून म्हणे.

तो दीड पाऊल सरके, हात खांद्याच्या वर नेई.

"समुद्रात गेलात. तिथे माशांना छत्र्या लागतील."

"आता?"

"आता बरोबर. पण बोटं मिटा, उगाच तीन जिल्हे भिजतायत."

एकदा चादरीची घडी घालताना ती म्हणाली, "अहो, सांगून टाका त्यांना. आणखी किती दिवस या चादरीवर काढायचे?"

"सांगितलं की कुणाला तरी आठवेल."

"काय आठवेल?"

"मी तीन महिन्यांसाठी आलो होतो, ते."

स्टुडिओत हे एकट्या मेकअपवाल्या बाईंनीच ओळखलं. "दादा, डाव्या बाजूने पफ आणला की तुम्ही दचकता. दोन महिने बघतेय."

"झोप झाली नाही."

"दोन महिने?"

दुसऱ्या दिवशी भिंतीपुढच्या जमिनीवर चिकटपट्टीचे तीन जाड थर बसलेले होते, उभं राहायची जागा पायालाच कळेल असे. कुणी लावले हे बाईंनी सांगितलं नाही, याने विचारलं नाही. याने फक्त पातळ तळाचे बूट घेतले.

असे सात महिने निभले. मग वादळ आलं.

तीन दिवस ते वरच्या बंदराकडे सरकत होतं आणि तीन दिवस याचा हात त्या बंदरावर बिनचूक पडत होता. चौथ्या दिवशी, सातच्या बातमीपत्रात हवामानाची वेळ यायला सहा मिनिटं असताना हवामान खात्याचा नवा निरोप आला. वादळ वळलं होतं. उद्या सकाळी ते खालच्या किनाऱ्यावर आदळणार होतं. नवा नकाशा तयार करण्यातच ती सहा मिनिटं गेली.

"सर, नकाशा बदललाय," प्रोड्यूसर कानातल्या इअरफोनमधून म्हणाला. तो वयाने याच्या निम्मा. "खालचा किनारा मोठा करून घेतलाय. रिकामी करायची गावं लाल केलीत, नावांसकट. जरा बघून घ्या."

"यादी कागदावर दे."

"कागद कुठला सर आता? मॉनिटरवर आहे ना. पाच, चार..."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, बॅटरी जवळ ठेवा, पाणी भरून ठेवा, असं त्याने चाळीस सेकंद खेचलं. एकवीस वर्षांत एवढं तर जमतंच.

"सर, गावं दाखवा."

हात उठला आणि सवयीने वरच्या बंदराच्या जुन्या जागी गेला.

"खाली, सर. अजून. नाही, फार झालं. सर, तिथे निवारा आहे. लोकांना तिथे आणायचंय, तिथून हलवायचं नाहीये."

हात तिथेच राहिला. लाखभर घरांत लोक आपल्या बोटाच्या टोकाकडे बघतायत आणि ते बोट त्यांना उलट्या दिशेला पाठवतंय, हे त्याला त्या हिरव्या रंगावर अगदी स्पष्ट दिसलं.

त्याने हात खाली घेतला.

"माझ्या हाताकडे बघू नका," तो कॅमेऱ्याला म्हणाला. "मला नकाशा दिसत नाही. नावं ऐका."

आणि पाठ फिरवून तो चौकटीबाहेर चालू लागला. दिव्याचा स्टँड पायाला अडखळून पडला, टेबलाचा कोपरा मांडीला लागला. मॉनिटर हातांनी चाचपून त्याने काचेला नाक लावलं आणि पाइपातून बघावं तसं एकेक लाल गाव शोधून मोठ्याने वाचलं. घरोघरी नुसता नकाशा दिसत होता आणि आवाज बाहेरून येत होता. नऊ गावं झाली. प्रत्येक नाव त्याने दोनदा घेतलं.

बातमीपत्र संपल्यावर प्रोड्यूसर मेकअपच्या खोलीत आला. बाई याचं कपाळ पुसत होत्या.

"कधीपासून, सर?"

"सात महिने. उद्यापासून मॉनिटर जवळ ठेवा, मी बसून वाचेन."

प्रोड्यूसरने बुटांकडे बघितलं. "चॅनेलच्या मोठ्या साहेबांचा फोन होता. नुसता नकाशा चांगला दिसला म्हणाले. उद्या तसंच करायचं. आवाज बातम्यांच्या बाई देतील."

ज्या वाक्याची त्याने एकवीस वर्षं धास्ती घेतली, ते असं बूट बघत येऊन गेलं. पण त्याला दुसरंच काही टोचत होतं.

"नऊच होती ना रे?"

प्रोड्यूसरने खिशातला फोन काढून बघितला.

"नऊच ना?"

"दहा. एक अगदी कडेला होतं. आम्ही ते खालच्या पट्टीत टाकलंय, फिरतंय."

"पट्टी कोण बघतं?" तो खुर्चीतून उठला, अर्धा चेहरा पुसलेला. "मला परत उभं कर."

"सर, आता मालिका सुरू झालीये."

"मग गावाचं नाव सांग. तिथल्या शाळेचा, चौकीचा, कुणाचाही नंबर काढ."

नंबर मिळाला तो एका किराणा दुकानाचा. फोनवरचे आकडे त्याला एकेक करून शोधावे लागत होते, तेव्हा मेकअपवाल्या बाईंनी लावून दिला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. घंटा वाजली. कुणी उचलला नाही. बाईंनी पुन्हा लावला. तो तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होता: वादळ वळलंय, सकाळच्या आत निघा. फक्त त्याआधी आपण कोण म्हणून सांगायचं, ते त्याला ठरवता येईना.

"लागतोय, दादा," बाई म्हणाल्या. "वाजतोय."