खळीची डेचकी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी ॲल्युमिनियमची डेचकी आहे. काठाला पोचे, बुडाला काजळी, एक कान कधीचाच तुटलेला. पण माझ्या पोटात काय शिजतं ते ऐकलंत, तर मला बसायला पाट द्याल.

टांझानियातल्या न्जोंबे गावी, बाजाराच्या मागे, मोडक्या गाड्यांचे तुकडे वितळवून एका ओताऱ्याने मला घडवलं. रहेलीआजीने घासाघीस करून मला घरी आणलं. रोज सकाळी माझ्यात नाचणीची पेज रटरटायची, तपकिरी आणि दाट. "पेज खावी तर ह्या डेचकीतली," असं सगळे म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायची. मग एक नवी चकचकीत डेचकी घरात आली. माझी रवानगी आजीच्या मुलाच्या, बेतुएल मिस्त्रीच्या सुतारखान्यात झाली. तिथे माझ्यात खिळे ठेवले हो, खिळे!

बेतुएल प्लायच्या खाटा डब्यातल्या तयार सरसाने चिकटवायचा. न्जोंबेची थंडी बोचरी, त्यामुळे दारं-खिडक्या बंद. त्या सरसातून फॉर्मल्डिहाइडची वाफ सुटायची. तिने बेतुएलचे डोळे चुरचुरत, खोकून खोकून त्याला धाप लागे.

एक दिवस त्याची बायको अन्येसी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एक तर हा डबा इथे राहील, नाहीतर मी. विधवा होऊन खाटा विकायची मला हौस नाही."

"मग फळ्या कशाने चिकटवू? तुझ्या जिभेने? ती तर रंधा आहे!"

अन्येसीने मला उचललं. माझ्यातले खिळे ओतून टाकले.

आमच्या टेकड्यांवर वॉटलची झाडं फार, तुमच्या बाभळीच्याच गोतातली. कातडी कमवायला त्यांची साल वापरतात. अन्येसीने ती साल माझ्यात उकळली आणि काढ्यात कसाव्याचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, पीठ शिजवलं. पहिली खळ पातळ झाली, फळ्या सुटल्या. दुसरीला दमट हवेत बुरशी आली. मग तिने काढा आटवून आटवून दाट केला, आणि सांधा धरला. वाळायला ही खळ फार वेळ घेते, फळ्या शिकंज्यात आवळून वाट बघावी लागते. पण डोळे झोंबत नाहीत.

आता प्रश्न गिऱ्हाइकाचा होता. मुलींच्या वसतिगृहाच्या पेनिनाबाई खाटा बघायला येणार होत्या. "पिठाच्या खळीवर झोपायचं? मुली खाली पडल्या तर?" असा त्यांचा निरोप आधीच आला होता. त्यांनी नाही म्हटलं, की बेतुएलला पुन्हा तो डबा उघडावा लागणार होता.

बाई आल्या तेव्हा नवराबायको नमुन्याची खाट आणायला मागे गेले होते, सुतारखान्यात आजी एकटीच होती. पाहुण्याला खाऊ घातल्याशिवाय ठेवणं आमच्याकडे मोठं पाप. आजीची नजर अधू. तिला चुलीवर आपली जुनी डेचकी दिसली, आत तपकिरी, दाट, वाफाळतं काहीतरी दिसलं. तिने वाडगा भरला, वर साखर घातली. मला ओरडता आलं असतं तर!

वडीलधाऱ्या हातचं नाकारणार कसं? बाईंनी घोट घेतला. तोंड कच्चं केळं खाल्ल्यासारखं आवळलं. तरी त्यांनी दुसराही घोट घेतला.

तेवढ्यात दोघं खाट घेऊन आले आणि अन्येसी किंचाळली, "आई! अहो, खळ आहे ती!"

बाईंनी वाडगा खाली ठेवला. "मला वाटलं, आजींनी साखरेत हात आखडता घेतला."

बेतुएल हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. जुनी सवय छातीतून लवकर जात नाही. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग फळीवरच्या सरसाच्या डब्याकडे.

"आजींनी मला त्यातलं वाढलं असतं तर?"

बेतुएलने खाट पुढे सरकवली.

बाई खाटेवर बसल्या. "या आजी, तुम्हीही बसा. नुसत्या पाहुणचाराने सुटका नाही." दोघी धपकन बसल्या. खाट कुरकुरलीसुद्धा नाही.

"मुलींची अंथरुणं ह्या खाटांवरच पडतील. फक्त, आजी, पेज दुसऱ्या डेचकीत करा!"

डबा गेला. बेतुएल आता बंद दाराआड काम करताना गुणगुणतो, बेसूर. अन्येसी त्याला एकदाही गप्प बस म्हणत नाही.

मित्रांनो, खळीचं भांडं वेगळं ठेवा आणि ती सुकण्याआधी घासा, एवढं माझ्यासाठी करा. आणि घरात नवं कपाट आलं, त्याने डोळे झोंबले, तर नुसती खिडकी उघडून थांबू नका. विचारा, हे कशाने चिकटवलंय? ते चिकटवणाऱ्यालाही छाती असते.