माझ्या खिडकीतला प्लास्टिकचा मासा

मी बर्था बोलतेय. होय, गाडीच. दचकू नका, आणि हातही लावू नका. तशी पाटीच आहे माझ्या नाकासमोर. पाटी माझ्या मालकाने लावली आहे. मला विचाराल तर खुशाल हात लावा. नवा रंग चढल्यापासून मऊ फडक्याशिवाय मला फारसं कुणी शिवलेलं नाही.

आत्ता हा मालक, एल्मर झास्ट्रो, हातात किल्ली घेऊन माझ्यासमोर उभा आहे आणि विचार करतोय. त्याचा विचार म्हणजे सावकाश चालणारं काम. तोवर माझी हकीकत ऐकून घ्या.

माझा जन्म छप्पन सालचा. अंग फिकट हिरवं, छत पांढरं, मागे पत्र्याचे दोन ऐटदार पंख. ज्या कंपनीने मला घडवलं ती थोड्याच वर्षांत बुडाली, त्यामुळे मला माहेर असं राहिलंच नाही. एल्मर तेव्हा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका चीजच्या कारखान्यात कामाला होता. त्याने मला घेतलं ते हिल्डीला फिरवायला. हिल्डी माझ्यात बसली, दार धाडकन लावलं आणि म्हणाली, "गाडी झकास आहे. चालवणाऱ्याचं बघू नंतर." पुढे तिने त्याच्याशी लग्न केलं. त्यात माझा वाटा किती, हे एल्मरला अजून कळलेलं नाही.

दर शुक्रवारी आम्ही तिघं तळ्याकाठी स्टुबेच्या हॉटेलात जायचो. तळलेला मासा, राय नावाच्या धान्याचा काळपट पाव, कोबीची कोशिंबीर. उरलेला मासा हिल्डी परतताना माझ्यात बसून खायची आणि तेलकट बोटं माझ्या सीटच्या खालच्या बाजूला पुसायची, म्हणजे एल्मरला दिसू नये. गाणं लागलं की दारावर अंगठीने ताल धरायची. त्या तालाच्या रेघा माझ्या दारावर उमटल्या होत्या, आणि खरं सांगते, मला त्या दागिन्यासारख्या वाटायच्या.

आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर पोत्यांनी मीठ ओततात. त्या मिठाने मला खालून खाल्लं. शेवटी एक दिवस मी रस्त्यातच बसले. मग मला शेडमध्ये ढकललं, वर ताडपत्री घातली आणि उंदरांच्या ताब्यात दिलं. उंदीर बरे होते. निदान आत बसायचे तरी.

मग म्हाताऱ्या स्टुबेने जाहीर केलं, की ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी हॉटेल कायमचं बंद. त्याच दिवशी हिल्डी शेडमध्ये आली, माझी ताडपत्री ओढून काढली आणि एल्मरला म्हणाली, "त्या शेवटच्या शुक्रवारी आपण हिच्यातून जायचं. मला वाढदिवसाला काही नको, नाताळला काही नको. एवढंच कर."

"दिला शब्द," एल्मर म्हणाला. शब्द देताना माणूस कसा रुबाबदार दिसतो! ऑक्टोबर तेव्हा लांब होता.

गावातल्या गॅरेजवाल्याने माझं बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि विचारलं, "हिला कॉम्प्युटर कुठे जोडायचा?" एल्मरने मला तिथून तडक परत आणलं. झालं, जाणकारांचा शोध सुरू झाला.

जुन्या गाड्यांच्या क्लबात चौकशी केली तर जो तो खालच्या आवाजात सांगायचा, "हे काम येणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच उरलाय." गंमत अशी, की माझ्या प्रत्येक भागासाठी असा एकेक एकमेव माणूस होता. गिअरचा एकमेव माणूस वारला होता, पण फोनवर त्याचा आवाज अजून सांगायचा की निरोप ठेवा. एल्मरने ठेवला. सवय!

कार्बुरेटरचा एकमेव माणूस लेस्टर बुडनिक, उत्तरेला जंगलात राहणारा. त्याला आपण पसंत करायचं नसतं, तो आपल्याला पसंत करतो. एल्मरने माझे फोटो पाठवले, क्लबातल्या दोघांची ओळख लावली, तेव्हा कुठे मुलीला दाखवायला न्यावं तसं मला तिकडे नेण्यात आलं. लेस्टरने कार्बुरेटर उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! कोणत्या गाढवाने हात घातला होता यात?"

मेकॅनिकची ही सुरुवात ठरलेलीच असते. आधीच्याला शिव्या घातल्याशिवाय यांचा पाना हलत नाही.

"स्क्रू बघ! नुसता आवळून मारलाय. असल्या माणसाच्या हातात चमचासुद्धा देऊ नये. कोण होता तो?"

एल्मरने घसा साफ केला. "तूच होतास, लेस्टर. ऐंशी सालानंतर कधीतरी. तुझं दुकान तेव्हा पेट्रोल पंपामागे होतं."

लेस्टरने पुन्हा आत वाकून पाहिलं. "तरीच," तो म्हणाला. "एवढी वर्षं टिकलं."

त्याने काम मात्र चोख केलं, हे कबूल करायला हवं. इंजिन गुणगुणायला लागलं. सप्टेंबर नुकताच लागला होता. मी तेव्हाच निघाले असते! पण इंजिन चालू झालं म्हणून गाडी रस्त्यावर काढतील तर ते जाणकार कसले? लेस्टर म्हणाला, "आता हिला डुएनकडे ने. मूळ रूपात आणणारा तो एकच."

हा डुएन म्हणजे भलतंच प्रकरण. पांढरे हातमोजे घालून माझ्याभोवती फिरायचा आणि दर दोन पावलांवर सुस्कारा टाकायचा. त्याने माझा गंज काढला, बरं केलं. उंदरांची घरटी काढली, तेही ठीक. पण मग त्याने हिल्डीच्या अंगठीच्या रेघा घासून सपाट केल्या, आणि बॉनेटखाली मुद्दाम हाताने रंगाचा एक ओघळ रंगवला. हिल्डी पाहायला आली तेव्हा तिने आधी दारावरून बोटं फिरवली.

"माझ्या रेघा कुठे गेल्या?"

"काकू, ते नुकसान होतं. भरून काढलं."

"आणि हा ओघळ?"

डुएनची छाती फुगली. "हा मूळचा! छप्पन साली कारखान्यातला माणूस घाईत इथे रंग सांडायचा. स्पर्धेतले परीक्षक आधी हाच बघतात."

"म्हणजे कोण कुठल्या माणसाची चूक जपायची, आणि मी जन्मभर हिच्यात बसले ते पुसायचं?"

डुएनने एल्मरकडे पाहिलं. एल्मरने छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

तर अशी मी सजले, तो शेवटचा शुक्रवार उजाडला. हिल्डीने निळा कोट घातला, ओठांना लाली लावली आणि पर्स घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली. एल्मर मला बंद ट्रेलरमध्ये चढवत होता.

"हिल्डी, उद्या स्पर्धा आहे गं. डुएन म्हणतो, चाकाला धूळ लागली तरी गुण जातात. आपण पिकअपने जाऊ की. मासा तोच आहे."

"मासा तोच आहे?" हिल्डीने विचारलं.

"तोच तर आहे!"

ती घरात गेली, कोट काढून ठेवला आणि अंडी उकडायला लावली. स्टुबेकडे कुणीच गेलं नाही. मला त्या ट्रेलरमध्ये इतकी लाज वाटली, की नवा रंग नसता तर माझा हिरवा चेहरा लाल दिसला असता.

स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. ती जागा काय वर्णावी! चकाचक गाड्यांच्या रांगा, आणि प्रत्येकीच्या मागे घडीच्या खुर्चीत तिचा म्हातारा, तिच्यात न बसता, तिच्याकडे पाठ करून, शेजारच्याला तिच्याबद्दल सांगत बसलेला. कुणी बंपरला तोंड लपवून रडणारी पोराएवढी बाहुली टेकवून ठेवतात. खरी पोरं जवळ आली तर ओरडतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे अर्ध्या उघड्या खिडकीला ट्रे लटकवतात, त्यात प्लास्टिकचा बर्गर, प्लास्टिकचे बटाटे. जणू गाडी आत्ताच कुठूनतरी खाऊनपिऊन आली आहे! खाल्लेलं चालतं, पण खोटं.

एल्मरला तिथेच कल्पना सुचली. हिल्डी रुसली आहे ना? मग तिची समजूत काढायची. त्याने खास सांगून एक ताट बनवून घेतलं. आज, डिसेंबरातल्या शुक्रवारी, ते आलं. तळलेला मासा, राय पाव, कोबीची कोशिंबीर, सगळं प्लास्टिकचं. त्याने ते माझ्या खिडकीला लावलं आणि हाक मारली, "हिल्डी, ये, बघ तर! आपला शुक्रवार!"

ती आली. ताटाकडे वाकली.

"लिंबूपण आहे," ती म्हणाली. मग तिने ताट अलगद काढलं आणि स्वयंपाकघरात नेलं. गॅरेजचं दार त्याच बाजूला उघडतं, म्हणून मला पुढचं सगळं ऐकू आलं. तिने टेबल मांडलं, एल्मरला बसवलं आणि ताट पुढ्यात ठेवलं.

"खा."

"अगं, हा प्लास्टिकचा आहे!"

"मासा तोच आहे, एल्मर."

मग खुर्ची सरकली. एल्मर इथे आला, माझ्यासमोर उभा राहिला, तो हा असा. हिल्डी निळा कोट घालून त्याच्या मागोमाग आली, पाटी पायाने बाजूला सारली आणि बर्फाच्या ओल्या बुटांनिशी माझ्यात बसली. डुएनच्या नव्या गालिच्यावर आता डबकं झालंय. काय गार, काय छान वाटतंय!

"आत्ताच मिठाची गाडी गेली गं रस्त्यावरून," एल्मर म्हणतोय.

"माशाला मीठ लागतंच."

"आणि जायचं कुठे? स्टुबे तर बंद झालं."

"चर्चच्या तळघरात आज मासा तळतायत. कागदी ताटलीत देतात. गाडी काढ तू."

त्याने दार वर केलंय. बाहेर रस्ता मिठाने पांढराफटक पडलाय. एल्मर एकदा त्या रस्त्याकडे बघतो, एकदा माझ्या चाकांकडे. हिल्डी मात्र कुणाकडेच बघत नाहीये. तिने हातमोजा काढलाय आणि माझ्या गुळगुळीत दारावर अंगठी टेकवलीय. गाणं सुरू व्हायची वाट बघतेय.

अरे बाबा, गंजायची माझी तयारी आहे. तू किल्ली फिरव.