बाईंचा फोटो

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी चालणाऱ्या त्या जेवणघराला तिघांचा हातभार होता. जागा नगरपालिकेची, धान्य व्यापारी मंडळाचं आणि स्वयंपाकिणींचा पगार रंगांच्या कारखान्याचा. ही मोट बांधून ठेवायचं काम जेवणघर चालवणाऱ्या ताईंचं. त्या वर्षी करार वाढवण्याआधी कारखान्याने एक फोटो मागितला. जेवायला येणाऱ्या कुणाचा तरी, हसरा, अगदी जवळून काढलेला.

ताईंनी बाईंना गळ घातली. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. घरचं सगळं ठीक होतं, पण एकटीला घास उतरत नाही म्हणून इथे यायच्या, आणि भाजीत मीठ कमी पडलं की स्वयंपाकिणींची शाळाही घ्यायच्या. त्या आधी नकोच म्हणाल्या.

"अहवालात छापतील, बाई. तो वाचतंय कोण?" ताई म्हणाल्या. बाईंना हसू आलं आणि तेवढ्यात फोटो निघाला.

खरं तर करारात फोटो कुठेही लावायची मुभा होती. ते कलम ताईंनी वाचलं होतं.

महिन्याभरात बाजारच्या चौकातल्या फलकावर बाईंचा चेहरा पुरुषभर उंचीचा झळकला. खाली अक्षरं होती, 'निराधारांच्या ताटात आमचा घास'. बाई यायच्या बंद झाल्या. डबा पाठवला, तो तसाच परत आला.

चौथ्या दिवशी ताई त्यांच्या घरी गेल्या. बाईंनी पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. कोपऱ्यावरचा वाणी त्यांचा जुना विद्यार्थी. फलक पाहिल्यापासून त्याने बाईंकडून साबणाचे पैसेच घेतले नव्हते, राहू द्या म्हणाला होता.

"मी एकटी होते, निराधार नव्हते," बाई म्हणाल्या. "फोटो असा कुठेही लागू शकतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"होतं. करार जाईल म्हणून बोलले नाही."

बाई आत निघून गेल्या.

ताई तशाच कारखान्यात गेल्या. साहेबांनी फोटो लोकांना किती आवडलाय ते ऐकवलं, पण आठवड्याभरात फलक उतरवला. करारही टिकला, चाळीस ताटं चालू राहिली. हातभार लावणाऱ्या तिघांच्या पुढच्या बैठकीत ताईंनी सगळं सांगून टाकलं. कुणीच रागावलं नाही. चांगल्या कामात एवढं चालायचंच, असं कुणीतरी म्हणालं. तेच ताईंना जास्त लागलं.

बाई जेवणघरात परतल्या नाहीत. दर गुरुवारी ताई आपला डबा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागल्या. दोन गुरुवार दार उघडलं नाही. तिसऱ्या गुरुवारी उघडलं. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. माफ केलं असं बाई म्हणाल्या नाहीत, आणि ताईंनीही विचारलं नाही.